बरणीतील मेंदू
प्राणिशास्त्राच्या वर्गांत बेडकांचा बळी देण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये सांगितले. आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र त्यापाठोपाठ खरा अवयव हाती घेऊन पाहण्याची सवयही सुटणार असेल, तर ती हानी होय. पडद्यावरील मेंदू सुबक दिसतो. त्याचा मऊपणा तेथे कळत नाही.

मेंदूच्या अभ्यासासाठी मुद्दाम एकही प्राणी मारावा लागत नाही. खाटकाकडे बकऱ्याचा भेजा मिळतोच. ताजा असताना तो बोटाच्या दाबानेही चिरडतो. पण एक भाग फॉर्मालिन व नऊ भाग पाणी अशा द्रावणात, तळाला टेकू न देता दोऱ्याने टांगून, दोन-तीन आठवडे ठेवला की सुरीने काप काढण्याइतका घट्ट होतो. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम या जर्मन वैद्याच्या ध्यानात हा गुण आला, तो फॉर्मालिनने स्वतःचीच बोटे कडक झाल्यामुळे!

खरे नवल पुढेच आहे. साधा काप फिकट दिसतो. त्यातील दोन द्रव्ये नवशिक्याला वेगळी ओळखता येत नाहीत. मलिगन यांच्या रीतीत काप नीट धुऊन फिनॉल आणि मोरचूद यांच्या साठ अंश उष्ण द्रावणात काही मिनिटे बुडवितात, बर्फाच्या पाण्यात गार करतात, मग टॅनिक आम्लात आणि शेवटी लोहयुक्त तुरटीत घालतात. करडे द्रव्य काळेभोर होते. मेदयुक्त तंतूंचे पांढरे द्रव्य पांढरेच राहते. टॅनिन आणि लोह यांचा हा काळा रंग आपल्याला परका नाही. हिरडा आणि हिराकस यांच्या शाईत आपल्या पोथ्या लिहिणारे हेच रसायन वापरीत असत.

फॉर्मालिनमधील फॉर्मल्डिहाइड मानवात कर्करोग घडविते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला आहे. फिनॉल तर कातडी जाळतो. म्हणून खेळती हवा, हातमोजे, आणि हाताळण्यापूर्वी नमुना वाहत्या पाण्यात धुणे, यांत हयगय चालणार नाही. कोंदट खोलीत उघड्या बरण्यांभोवती मुलांना उभे करणे हा गुन्हाच आम्ही मानू.

वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासून सांगणाऱ्या गोव्यात हे कसब महाविद्यालयांनी जपावे. ते पुस्तकापेक्षा प्रयोगशाळेतील जुन्या परिचराच्या हातात अधिक असते. तो निवृत्त होण्यापूर्वी एक सत्र तरी नव्या शिक्षकास त्याच्या शेजारी उभे करावे, एवढीच आमची मागणी आहे.