कानांवर हात ठेवणारी मुले

सिंदी मेघे येथील एका अंगणवाडीत मध्यंतरी काही वेळ बसण्याचा योग आला. कुकरची शिट्टी झाली, तशी एक चार वर्षांची मुलगी दोन्ही कान दाबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खिचडी बोटांना लागताच रडू लागली. ‘हट्टी आहे’ हे घरच्यांचे निदान. सेविकाताई मात्र म्हणाल्या, “सर, हा हट्ट नाही. हिला आवाज बोचतो.”

आवाज, स्पर्श, उजेड, शरीराचा तोल या संवेदनांची मेंदूत नीट जुळणी न होणाऱ्या मुलांचा विचार अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. हा स्वतंत्र विकार मानावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये तसे निदान करू नये, असेच सुचविले, आणि ते मला योग्य वाटते. असे वर्तन स्वमग्नतेचे लक्षण असू शकते, आणि कित्येकदा कशाचेच नसते. चाळणी तपासणीने शिक्का मारायचा नसतो; पुढे कोणाला दाखवावे, एवढेच सांगायचे असते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पंचविसावे कलम सर्व मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करण्यास सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा पाहावीत, असा नियम आहे. पण वजन, दात, डोळे पाहण्याच्या त्या काही मिनिटांत कुकरची शिट्टी होत नाही! ती मुलगी डॉक्टरांपुढे अगदी शहाण्यासारखी बसेल. तिचा त्रास रोज पाहते ती सेविका. आणि १९७५ पासून चालत आलेल्या या योजनेत ती अद्याप ‘मानधनी’च आहे. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, हेदेखील २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. जिच्या नजरेवर सारी तपासणी उभी राहावयाची, तिच्या श्रमाला वेतन म्हणावयाची आपली तयारी नाही.

पुढचा प्रश्न रोजीचा. सिंदी मेघेला सावंगी आणि सेवाग्रामची रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील मजूर बाईचे काय? हे उपचार एका फेरीत संपत नाहीत, आणि प्रत्येक फेरीला तिची दिवसाची मजुरी बुडते. सुखवस्तू पालक खासगी उपचार विकत घेतात. मजुराचे मूल हट्टी ठरते. तेव्हा उपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी तालुक्याला यावा आणि आईला प्रवासखर्चासह बुडालेली मजुरी मिळावी. सेविकेची नोंद पथकाने आधी वाचावी आणि मग मूल तपासावे. यास फार मोठा निधी लागतो असे मला वाटत नाही.

येत्या ग्रामसभेत आपल्या कार्यकर्त्यांनी दोनच आकडे मागावेत. गेल्या वर्षी तपासलेल्या मुलांपैकी किती जणांना पुढे पाठविले? आणि त्यांतील किती प्रत्यक्ष पोहोचले? दुसरा आकडा कोणत्या वहीत लिहिला जातो, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.