यंत्र आपले, किल्ली त्यांची

‘लिनक्स उत्तम असेल, पण ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे,’ हा निष्कर्ष अलीकडे आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकू येतो. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी नव्या प्रोसेसरची व सुरक्षा-चिपची अट आली. परिणामी कितीतरी धडधाकट संगणक एका फर्मानाने निकामी ठरले. ते वाचवण्यासाठी कोणी लिनक्स बसवतो; मग कुठे वायफाय लागत नाही, कुठे प्रिंटर ओळखला जात नाही, कुठे आवाज उमटत नाही. नवखा माणूस दोन संध्याकाळी खर्ची घालतो, स्वतःला अडाणी ठरवतो आणि मुकाट्याने जुन्या धन्याच्या दारी परततो.

या शरणागतीची मीमांसा केली पाहिजे. यंत्राचा प्रत्येक भाग आणि प्रणाली यांच्यात ड्रायव्हर हा दुभाषा असतो. तो तयार करण्यास चिपची तांत्रिक माहिती लागते. विंडोजसाठी उत्पादक स्वतः दुभाषा पुरवतो, कारण तेथे बाजारपेठ आहे. लिनक्ससाठी अनेकांनी ना दुभाषा दिला, ना माहिती. ग्राहकाने वस्तूची पूर्ण किंमत मोजावी आणि ती चालवण्याचे ज्ञान मात्र विक्रेत्याच्या तिजोरीत राहावे, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा मक्तेदारीचा खंडच होय.

हा झगडा जुना आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या लेसर प्रिंटरच्या प्रोग्रामची मूळ संहिता नाकारण्यात आली. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला, त्यामागे या अनुभवाचाही वाटा होता. लिनस टोर्वाल्ड्स यांचे लिनक्स १९९१ चे. पुढे ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपसाठी स्वयंसेवकांच्या एका गटाने मूळ ड्रायव्हर उकलून त्याचे वर्णन लिहिले व दुसऱ्या गटाने त्यावरून नवा ड्रायव्हर रचला. कंपनीला स्वतःचा खुला ड्रायव्हर देण्याची बुद्धी २०१० साली झाली. एनव्हिडियाच्या असहकारावर टोर्वाल्ड्स यांनी २०१२ मध्ये जाहीर कोरडे ओढले. त्या कंपनीने ड्रायव्हरचा काही भाग खुला केला तो २०२२ मध्ये.

गुपित राखले नाही तर संशोधनाला मोबदला कोठून मिळणार, असा आक्षेप येईल. एएमडीने २००७ पासून आपल्या ग्राफिक्स चिपची माहितीपत्रके प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ती कंपनी काही बुडाली नाही. चिप विकून नफा मिळतोच. गुपिताने मिळते ती ग्राहकावरील सत्ता.

आणखी एका वर्गाला खडसावणे प्राप्त आहे. नवख्याच्या प्रश्नाला ‘आधी वाचून या’ असे उत्तर देणारे लिनक्सचे जाणकार मक्तेदारांचे काम फुकट करीत असतात. ज्ञान खुले ठेवायचे आणि दारात पहारेकरी उभा करायचा, ही कोणती मुक्ती?

कार्यकर्त्यांनी करण्याजोगे पुष्कळ आहे. प्रणाली बसवण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज व प्रिंटर तपासावा. ड्रायव्हर शोधत उत्पादकाच्या दारी हिंडू नये. बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात, अडते ते बव्हंशी फर्मवेअरपाशी. वायफाय बंद असेल तर मोबाइल यूएसबी तारेने जोडून इंटरनेट घ्यावे आणि फर्मवेअर उतरवावे. ‘एलएसपीसीआय’ व ‘एलएसयूएसबी’ या आज्ञा चिपची ओळख सांगतात. ती टिपून मगच मदत मागावी. जे साधले ते लिहून पुढच्यास द्यावे.

परंतु वैयक्तिक खटपटीने मक्तेदारी मोडत नाही. केरळच्या शासकीय शाळांत मुले मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात, कारण तेथे शासनाने तसे ठरवले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि ‘काइट’ ही संस्था उभी केली. आपल्या राज्यात शाळा, ग्रंथालये व पंचायती यांसाठी सार्वजनिक पैशातून संगणक खरेदी होतात. मुक्त प्रणालीवर न चालणारे यंत्र घेतले जाणार नाही, ही एक अट प्रत्येक निविदेत असली पाहिजे. ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत ही मागणी नेणे आपले काम आहे. एकट्या ग्राहकाला झिडकारणारा उत्पादक हजारो यंत्रांचा खरेदीदार गमावण्यास सहजी धजावणार नाही.