‘दऱ्या’ची तीन रूपे

येथे बंगळुरूत वेबसेवा घडविणाऱ्या अभियंत्यांची साधने साहित्याभ्यासकांनी परकी मानावीत, हे मला मान्य नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठी वाचकास उपजत कळतो. युनिकोडमध्ये मात्र ‘दऱ्या’तील रकार तीन प्रकारे लिहिता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ योजून, ‘र’ला नुक्ता देऊन, किंवा ‘र्’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. संकेतांची जशीच्या तशी तुलना करणाऱ्या सेवेला ते तीन निराळे शब्द. युनिकोडची प्रमाणीकरणाची आज्ञावली पहिली दोन रूपे एकत्र आणते, तिसरे वेगळेच राहते. मग ग्रंथ सूचीत असूनही सापडत नाही. पाठभेद पारखणे हे तर आपलेच शास्त्र (हस्तलिखितांपुरते राखून ठेवलेले!). तिसऱ्या रूपाचा नियम अभियंत्यास आपण लिहून द्यावयास हवा.