बाळाची घट्ट मूठ



नवजात बाळाची बंद मूठ पाहून घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, ‘नशीब घट्ट धरून आलाय!’ पहिले दोन-तीन महिने हे कौतुक योग्यच. मात्र चौथा महिना उलटूनही मूठ सदैव आवळलेली राहत असेल, तर बाळ डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे.

जन्मापूर्वी, जन्मसमयी वा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाल्यास हालचालींवर जो कायमचा परिणाम होतो, त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अपुऱ्या दिवसांचे, जन्मतः न रडलेले, तीव्र कावीळ वा झटके आलेले बाळ अधिक जोखमीचे. तथापि सुखरूप बाळंतपणानंतरही हा विकार आढळतो. चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, अंग ताठ वा अगदी सैल असणे, नऊ महिने होऊनही आधाराविना न बसणे, ही त्याची चिन्हे होत. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरू लागले, तर ‘डावखुरा आहे’ म्हणून सोडून देऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

पूर्वी निदानास दीड-दोन वर्षे लागत. आता तज्ज्ञ अनेकदा सहा महिन्यांच्या आतच धोका ओळखू शकतात. मेंदू घडत असतानाच व्यायामोपचार सुरू झाल्यास लाभ अधिक होतो. विकार समूळ जात नाही. पण सांधे आखडणे रोखता येते आणि बाळाचे स्वावलंबन वाढते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. आशाताई घरी येऊन नवजात बाळाची तपासणी करतात. पुढे वैद्यकीय पथके अंगणवाडीत येतात. परंतु सौंदडसारख्या गावातही व्यापारी कुटुंबे ‘आमचे खासगी डॉक्टर आहेत’ असे सांगून त्यांना दारातूनच परत पाठवितात. खासगी दवाखान्यात लस टोचून पाच मिनिटांत परतणाऱ्या बाळाची मान, मूठ आणि बसणे मग कोण पाहणार? प्रत्येक लसीकरणाच्या वेळी आपणच विचारावे, ‘बाळाची वाढ वयानुसार आहे ना?’

उधारी तीन महिने थकली की आपण वसुलीला माणूस धाडतो. बाळाच्या बाबतीत मात्र ‘मोठाही उशिराच चालला होता’ म्हणत वर्ष घालवितो. घरातील मुलींच्या सोयरिकीस बाधा येईल, या धास्तीने काही जण आजार झाकतात. काही जण पूर्वकर्म म्हणून स्वस्थ बसतात. पण कर्मसिद्धान्ताने पुरुषार्थाला कधीच रजा दिलेली नाही.

कन्या मालिनी हिला हा विकार असल्याने मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्याच मालिनी चिब यांनी पुढे लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि आत्मचरित्र लिहिले. शरीर अडले म्हणून बुद्धी अडतेच असे नाही.

आपल्या घरी तान्हे बाळ असेल, तर आज त्याच्या हातात खुळखुळा देऊन पाहा. दोन्ही हात पुढे येतात का, मूठ उघडते का, हे न्याहाळा. शंका आली, तर दुकान एक दिवस बंद ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा.