पिंप नंबर ६९

आपल्याला परवडणारी वस्तू माणसानं आवडीनं घेऊ नये, असा एक अलिखित कायदा हल्ली आपल्या मध्यमवर्गात लागू झालेला आहे. त्यातून ती वस्तू 'ब्लेंडेड' स्कॉच असेल, तर पिणाऱ्याकडे लोक असं बघतात, की जणू त्याचा चेकच परत आला आहे.

आमचे साडू या कायद्याचे फौजदार. ते फक्त सिंगल माल्ट घेतात. घेतात म्हणजे काय, हुंगतात. ग्लास फिरवतात, डोळे मिटतात आणि अंगात आल्यासारखे "सुकामेवा... ओलं लाकूड... लांबवर समुद्र..." असं काहीबाही पुटपुटतात. "नुसता वासच घ्यायचा होता, तर बाटली कशाला फोडलीत?" असं आमची ही एकदा म्हणालीसुद्धा. माझ्यापुढे व्हॅट ६९ दिसली, की साडू कळवळतात, "अहो, ही भेसळ पिता तुम्ही?"

भेसळ! अस्मादिक पडले बी. कॉम. आणि बँकेतले कारकून. आरोप झाला की आधी जुनी खाती काढायची, ही आमची खोड. काढली. लंडनमधल्या एका कोर्टात नेमका हाच वाद गेला होता आणि १९०६ साली निकालही मिश्रण विकणाऱ्यांच्या विरुद्ध लागला होता. मग १९०८ साली रॉयल कमिशन बसलं. त्यानं १९०९ साली सांगून टाकलं, की बार्लीची माल्ट काय, इतर धान्यांची ग्रेन काय किंवा दोन्हींचं मिश्रण काय, सगळी व्हिस्कीच. हे सर्क्युलर आमच्या साडूंपर्यंत अजून पोचलेलं नाही.

बरं, 'सिंगल' म्हणजे तरी काय? एका पिंपातली? छे! एका डिस्टिलरीतली. बाटलीत येतं ते बहुधा त्या डिस्टिलरीच्या अनेक पिंपांचं मिश्रणच. म्हणजे मिसळतात तेही, फक्त भाऊबंदांत. ब्लेंडवाला दहा गावची स्थळं बघून संसार जुळवतो. अवघड काम कुठलं, ते लग्न जमवलेल्या कुणालाही विचारा.

वयाचंही तसंच. बाटलीवर १२ लिहिलं असेल, तर त्यातली सर्वांत धाकटी व्हिस्की बारा वर्षांची. काहीच लिहिलं नसलं, तरी स्कॉटलंडात ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं काढल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. थोडक्यात, मिनिमम बॅलन्स कायद्यानं ठेवलेलाच आहे. आणि रंग? साधं कॅरॅमल घालायची मुभा माल्टलाही आहे आणि ब्लेंडलाही. तेव्हा साडू ज्या सोनेरी छटेवर खूश होतात, ती कदाचित जळक्या साखरेची असेल.

राहता राहिलं पाणी. मी पाणी घातलं की साडू तोंड फिरवतात. पण प्रत्यक्ष ब्लेंडर मंडळी वास घेताना पाणी घालून व्हिस्की साधारण वीस टक्क्यांवर आणतात. नाहीतर नाक बधिर होतं. आता त्यांनाही अडाणी म्हणायचं का?

चव कशी ठरवावी, तेही जुन्या लोकांकडून शिकावं. व्हॅट ६९ची कथा सांगतात ती अशी: १८८२ साली विल्यम सँडरसन नावाच्या लीथच्या व्यापाऱ्यानं शंभर पिंपांत शंभर मिश्रणं केली आणि जाणकार मित्रांना चाखायला बोलावलं. त्यांनी ६९ नंबरचं पिंप पसंत केलं. झालं, तेच नाव पडलं!

हीच बाटली पुढे हिंदी सिनेमातल्या खलनायकांच्या टेबलावर आली. तेव्हा ती बघून आमच्या पिढीचे डोळे दिपायचे. आज तिची व्हिस्की स्कॉटलंडहून घाऊक येते, बाटल्या इथं भरल्या जातात आणि आमच्यासारखा परवाना काढून पिणारा कारकूनही ती घेऊ शकतो. कारकुनाला परवडली आणि लगेच भेसळ झाली! उद्या माल्टचंही हेच होणार. २४ जुलै २०२५च्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. तेव्हा साडूंचा सुकामेवा राहील की कस्टमबरोबर तोही उतरेल?

मला व्हॅट ६९ लागते ती अशी: गोडसर, जराशी धुरकट, घशाशी किंचित बोचरी. बस्स! समुद्र मी गिरगाव चौपाटीवर बघतो. मुलांची शाळा, घराचा रंग, लग्नाचा हॉल हे सगळं आपण लोक काय म्हणतील ते बघून ठरवलं. आता निदान जीभ तरी आपली आपल्याकडे राहू द्या की!

साडूंना मी आव्हान दिलं आहे. त्यांची बाटली आणि माझी बाटली, दोन्हींना वर्तमानपत्र गुंडाळायचं, वर नुसते नंबर घालायचे आणि नंबरांची चिठ्ठी आमच्या हिच्याकडे द्यायची. साडूंनी अजून तारीख दिलेली नाही.