धूर मोजावा, जन्मसाल नव्हे

कॅलिफोर्नियात १९७५ वा त्याआधीच्या पेट्रोल मोटारींना धूरचाचणी माफ; १९७६च्या मोटारीला मात्र दर दोन वर्षांनी परीक्षा. तीस वर्षांच्या वयाबरोबर पुढे सरकणारी ही रेषा २००४च्या कायद्याने गोठवली. डॅटसन २८०झेड ही स्पोर्ट्स कार दोन्ही सालांची आहे, घडण जवळजवळ तीच. गॅरेजात वर्षानुवर्षे पडलेल्या अशा दोन गाड्या जिवंत केल्या, तर पहिली कितीही धूर ओको, तिची परीक्षाच नाही. दुसरीचा धूर निर्मळ असला तरी मूळचा प्रदूषणरोधक भाग गहाळ असल्यास ती नापास. यास न्याय म्हणावे काय? सरसकट माफी मागणाऱ्या शौकिनांचीही बाजू आम्ही घेणार नाही. हौस त्यांची असली, तरी हवा सर्वांची आहे.