सभेला न आलेले पालक

‘वारंवार सूचना देऊनही खालील विद्यार्थ्यांचे पालक सभेस अनुपस्थित राहिले आहेत. याची नोंद घेण्यात आली असून पुढील परिणामांस शाळा जबाबदार राहणार नाही.’ आणि खाली मुलांची नावं, आडनावांसकट. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेच्या पालक ग्रुपवर या आठवड्यात हा मेसेज पडला आणि एका वाचकाने तो मला पाठवला. शाळेचं नाव छापत नाही, कारण असा मेसेज टाकणारी ती एकटी शाळा नाही. यादीतल्या बहुतेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आहेत, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मेसेज लिहिणाऱ्या गुरुजींनाही माहीत आहे. मग तो मेसेज कुणासाठी लिहिला?

मला याचा राग आला आहे आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. पहाटे चारला फडात उतरलेली बाई रात्री कोपीवर येते, भाकऱ्या थापते आणि मग गावाकडची खबर काय म्हणून मोबाइल उघडते. तिथे तिच्या लेकराचं नाव गावासमोर टांगलेलं असतं. तिने काय करायचं? मुकादमाची उचल फिटल्याशिवाय तिला ऊसतोडीचं थळ सोडता येत नाही. तिला बोलावलेल्या सभेत काय सांगायचं होतं, ते त्या मेसेजमध्ये नाहीच. मुलीला भागाकार जमत नाही, की ती आठवडाभर शाळेतच आली नाही, की आजी आजारी असल्याने स्वयंपाक तिच्यावर पडलाय? काहीच नाही.

दिवाळीच्या अंकानंतर कर्नाटकातल्या बैलकुप्प्यावर, तिथल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीवर लिहिलं तेव्हा काही शिक्षकांनी मला विचारलं होतं, की निर्वासितांच्या शाळांमधून आपण घेण्यासारखं काय आहे? तेव्हा जागेअभावी राहिलेलं उत्तर आज देतो.

कूर्गच्या सहलीत कुशलनगरच्या अलीकडे बैलकुप्प्यात बस थांबते, आपण नामद्रोलिंग मठातल्या सोनेरी मूर्तींसमोर उभे राहतो आणि मोमो खाऊन पुढे जातो. त्या मठाभोवतीची वसाहत शेतकऱ्यांची आहे. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने दिलेल्या जंगलजमिनीवर १९६० पासून ती उभी राहिली. पीक मुख्यतः मक्याचं, तेही पावसावरचं. मका निघाला की हातात काम उरत नाही, म्हणून या वसाहतींमधली कुटुंबं वर्षानुवर्षं हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेर पडत आली. पुणे, नाशिक, नागपूरकडच्या तिबेटी मार्केटमध्ये आपण ज्यांच्याशी घासाघीस करतो त्यांच्यातल्या पुष्कळांची मुलं त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर कुठल्यातरी वसाहतीत असतात. माल बहुतेक लुधियानाचा आणि बराचसा उधारीवर उचललेला. हंगाम संपेपर्यंत दुकान सोडता येत नाही.

आता ही दोन माणसं शेजारी ठेवून बघा. दोघंही दसरा-दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात. इकडे मुकादमाची उचल, तिकडे व्यापाऱ्याची उधारी. स्वेटरवाला स्वतःचा मालक आहे, कोयतेवाला नाही, हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसत नाही. पण शाळेपुरता विचार केला तर दोघांची अडचण एकच: शाळेला बोलायचं असतं तेव्हा आईबाप गावात नसतात.

तिबेटी समाजाने या अडचणीला पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं. १७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या रस्ताकामाच्या तळांवरून ५१ मुलं धरमशाळेत आणली गेली. त्यांचे आईबाप डोंगरात रस्ते बांधणारे मजूर होते, म्हणजे आपल्या ऊसतोड मजुरांचे थेट भाऊबंद. त्यातून तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज ही संस्था उभी राहिली. तिची शाळा बैलकुप्प्यातही आहे. या संस्थेत मुलं ‘घरां’मध्ये राहतात आणि प्रत्येक घराला एक आई असते, आमा-ला. मुलाने डबा खाल्ला का, रात्री खोकला होता का, गृहपाठ कोणत्या ओळीवर अडला, हे तिला ठाऊक असतं. कित्येक मुलांचे आईवडील तिबेटमध्येच राहिले, त्यांना सभेला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मुलाबद्दल काही सांगायचं झालं तर ते कुणाला सांगायचं, याचं उत्तर वर्गशिक्षकाकडे आधीच तयार असतं. आईबाप शेकडो मैलांवर असोत की सरहद्दीपलीकडे, मुलासाठी जबाब देणारं माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

शिक्षकांनी आपल्या सहकाऱ्यांशी बोलण्याचंही तेच. केंद्र सरकारने १९६१ मध्ये तिबेटी मुलांच्या शाळांसाठी वेगळी संस्था काढली. तिच्या शाळांत गणित, हिंदी, इंग्रजी शिकवणारे पुष्कळ शिक्षक भारतीय होते, त्यांना तिबेटी येत नसे. पहिल्या पिढीतल्या बहुतेक पालकांना इंग्रजी येत नसे. तिबेटी भाषेचे आणि धर्माचे शिक्षक वेगळे. निवासी शाळांत भारतीय प्राचार्यांच्या जोडीला तिबेटी रेक्टर असे. एका छताखाली इतकी भिन्न माणसं काम करत असतील तर मुलाबद्दलची गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे नीट पोचवावीच लागते, नाहीतर पालकापर्यंत ती जातच नाही. २०१३ नंतर या शाळा टप्प्याटप्प्याने तिबेटी प्रशासनाकडे सोपवल्या गेल्या.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. मुलं कमी होत चालली आहेत, तरुण परदेशी निघाले आहेत, शाळा एकमेकींत मिसळाव्या लागत आहेत. आणि आईपासून दूर वाढणं हे कुठल्याही व्यवस्थेत दूर वाढणंच. पण पालक गावात नाही हा त्याचा गुन्हा, असं मानून ती व्यवस्था बांधलेली नाही.

आपल्याकडे कायदा तरी वेगळं काय सांगतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत. पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगावी, असं तिथे म्हटलंय. सांगावी, हे महत्त्वाचं. सभा हे त्यासाठीचं साधन. आमच्या शाळांनी साधन ठेवलं आणि सांगणं सोडून दिलं. नियमित वाचकांना माझा हा जुना हेका माहीत आहे: सह्यांचं रजिस्टर बंद करा. माझ्याकडे याचं सर्वेक्षण नाही, पण इतक्या शाळांत बसून माझं मत पक्कं झालंय, की ज्या दिवशी सभेचं मोजमाप सह्यांवर आलं त्या दिवसापासून शिक्षक पालकाशी बोलेनासे झाले आणि केंद्रप्रमुखाशी बोलू लागले. ‘नोंद घेण्यात आली आहे’ ही भाषा आईसाठी नसते. ती उद्या तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी असते.

तोच मेसेज असा जाऊ शकला असता, ग्रुपवर न टाकता फक्त त्या आईला, आणि लिहून न पाठवता आवाजात बोलून: ‘ताई, मी शाळेतून सर बोलतोय. तुमची मुलगी या महिन्यात सहा दिवस आली नाही. वाचन चांगलं आहे तिचं, धडा घडाघड वाचते, पण भागाकार अडलाय. आजींना भेटून आलो. तुम्हाला बोलायला कधी जमेल? रात्री आठनंतर मी फोन उचलतो.’ अर्धं मिनिट लागतं. यात सभेला का आला नाहीत हा सवाल नाही, मुलीचं एक चांगलं आहे, एक नेमकी अडचण आहे आणि आईला करता येईल अशी एक गोष्ट आहे. वाचता न येणाऱ्या आईलाही हे ऐकता येतं, पुन्हा पुन्हा ऐकता येतं. असं बोलणारे शिक्षक बीडमध्ये आहेत, पाथर्डीत आहेत. गृहभेटींवरच्या लेखानंतर त्यांची पत्रं आली, म्हणून हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये.

मूल आईबापांबरोबर थळावर गेलं तर बोलायचं असतं दुसऱ्या शिक्षकाशी. त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गावची शाळा ते देते, कारखान्याजवळच्या शाळेने ते पाहून मूल दाखल करून घ्यायचं. त्यावर नाव आणि इयत्ता भरून काम संपलं असं समजू नका. मागे दोन ओळी लिहा: जोडाक्षरांना अडखळते, तोंडी हिशेबात पटाईत आहे, पहिले दोन दिवस बोलणार नाही. आणि त्या शाळेला एक फोन करा. मूल निपाणीकडच्या कन्नड शाळेत पोचणार असेल तर हा फोन आणखी गरजेचा. समोरचा शिक्षकही आपल्यासारखाच चाळीस पोरांत गुंतलेला आहे. ‘आमचा विद्यार्थी दाखल करून घेणे’ असा हुकूम त्याला सोडू नये, मदत मागावी.

मूल गावातच राहिलं तर त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजनाही २०२१ पासून आहे. ती कुठवर पोचली यावर स्वतंत्र लिहीन. पण वसतिगृह नसलेल्या गावातही दसऱ्याआधी एक सभा घेता येते, टोळ्या निघायच्या आत. त्या दिवशी सह्या नकोत. वर्गशिक्षकाने वहीत प्रत्येक मुलापुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आईबाप कुठल्या कारखान्याला जाणार, फोन कुणाकडे असेल आणि किती वाजता लागेल, आणि गावात मुलासाठी जबाब देणारं माणूस कोण. आजी असेल, चुलती असेल, वसतिगृहाची बाई असेल. सहा महिने शाळेने बोलायचं ते या माणसाशी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पैकी एकीने ही वही डिसेंबरात उघडून पाहावी आणि कुणाला फोन गेला, कुणाला नाही, हे गुरुजींना विचारावं. आणि ग्रुपवरची ती यादी त्या शाळेने आजच काढून टाकावी.